पाडसाच्या गोष्टीतली आई

आज एका पुस्तकाची हकिगत सांगणार आहे. पुस्तक अमेरिकेतलं आहे, पण उंच इमारतींच्या अमेरिकेतलं नाही. मका, डुकरं, अस्वलं आणि पाण्याची वणवण असलेल्या अमेरिकेतलं आहे. मराठीत ते 'पाडस' या नावानं आलं. राम पटवर्धनांनी अनुवाद केला, मौज प्रकाशनानं छापला. आपल्याकडे पुष्कळांनी ते शाळकरी वयात वाचलं आणि रडले. मुलगा आणि त्याचं हरणाचं पिल्लू, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. मला मात्र त्यातल्या आईबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्याकडे कोणी धड बघत नाही.

मूळ इंग्रजी कादंबरी १९३८ साली निघाली. लेखिका मार्जोरी किनन रॉलिंग्ज. दुसऱ्याच वर्षी पुस्तकाला पुलित्झर हा तिथला मोठा पुरस्कार मिळाला आणि १९४६ साली त्यावर सिनेमाही आला. इंग्रजी नावाचा अर्थ होतो वर्षाचं जनावर. धड तान्हं नाही, धड जाणतं नाही. म्हणजे नाव हरणाचं आहे तसंच बारा-तेरा वर्षांच्या पोराचंही आहे.

आता लेखिका तिथे कशी पोचली ते ऐका. रॉलिंग्ज शहरातली, वर्तमानपत्रात लिहिणारी बाई. १९२८ साली ती नवऱ्याबरोबर उत्तरेतलं घर सोडून फ्लोरिडा राज्यात क्रॉस क्रीक नावाच्या वस्तीवर आली. तिथे त्यांनी संत्र्याची बाग घेतली. नवऱ्याचं मन तिथे रमलं नाही. १९३३ साली घटस्फोट झाला आणि बाई बागेसकट तिथेच राहिली. संत्री, कोंबड्या, गाय, स्वयंपाक, आणि उरलेल्या वेळात लिहिणं.

१९३० साली जनगणना आली, तेव्हा झेल्मा केसन नावाच्या ओळखीच्या बाईबरोबर ती घोड्यावरून घरोघर हिंडली. आपल्या आशाताई हिंडतात ना, तसं. पुढे रानात एका म्हाताऱ्या बाईच्या आणि तिच्या मुलाच्या घरी जाऊन काही आठवडे राहिली. ती माणसं काय खातात, बोलतात कशी, शिकार का करतात, सगळं वहीत उतरवून घेतलं. तिथल्याच एका जुन्या शिकाऱ्यानं तिला सांगितलं की लहानपणी घरात हरीण पाळलं होतं, ते पीक खायला लागलं आणि शेवटी मारावं लागलं. 'पाडस'चं बी ते. रानातल्या मुलावर पुस्तक लिहा, असं तिच्या संपादकानं, मॅक्सवेल पर्किन्स यांनी, १९३३ सालीच सुचवलं होतं.

याच झेल्माबाईंनी पुढे तिच्यावर दावा ठोकला. १९४२ साली आलेल्या 'क्रॉस क्रीक' या आठवणींच्या पुस्तकात रॉलिंग्जनं तिचं वर्णन केलं होतं, तिला न विचारता. खटला कित्येक वर्षं चालला. शेवटी १९४७ साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं झेल्माबाईंच्या बाजूनं निकाल दिला. भरपाई किती? एक डॉलर. रक्कम हसण्यासारखी, पण खेड्यातल्या बाईचं आयुष्य म्हणजे कुणीही उचलून छापावं असं नव्हे, एवढं कोर्टाच्या कागदावर आलं. मला दोन्ही बायका पटतात.

आता गोष्टीकडे. काळ १८७० नंतरचा. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं होतं आणि गरीब गोरी कुटुंबं फ्लोरिडाच्या रानात घरं करून राहत होती. त्याआधी या मुलखात सेमिनोल आदिवासी होते. १८३५ ते १८४२ अशी सात वर्षं लढाई करून सरकारनं त्यांच्यातल्या बहुतेकांना पश्चिमेकडे हाकललं. म्हणजे रान मोकळं मिळालं नव्हतं, मोकळं केलेलं होतं.

जमीन वाळूची, झाडं खुरटी. मधेच उंचवट्यावर मोठ्या पाइन झाडांचं बेट लागतं, तिथे बॅक्स्टरांचं घर. बाप पेनी, अंगानं लहानखुरा म्हणून ते टोपणनाव. आई ओरा, त्याच्या दुप्पट अंगाची. मुलगा जोडी. जोडीच्या आधीची ओराची लेकरं एकामागून एक गेली. घराजवळच्या पाइनखाली त्यांना पुरलंय. ओरा फटकळ आहे, जोडीला जवळ घेत नाही, असं वाचताना वाटत राहतं. एवढी मुलं पुरलेल्या बाईनं नव्या मुलात जीव अडकवताना हात आखडता घेतला, तर त्यात नवल काय?

घराला विहीर नाही. वाळूत खोल खणायचं, आतून विटांचं बांधायचं, त्याला पैसे लागतात. जमीन खचून एक मोठा खड्डा झाला आहे, त्यात चुनखडीतून पाणी पाझरतं. कपडे तिथेच जाऊन धुवायचे आणि प्यायचं पाणी तिथूनच वाहून आणायचं. पेनीला रानाचं सौंदर्य दिसतं, जोडीलाही दिसतं. पण त्या दोघांच्या पाण्याच्या बादल्या आधी भरलेल्या असतात, हे लक्षात घ्या.

सुरुवातीलाच एक म्हातारं अस्वल त्यांची पैदाशीची डुकरीण मारतं. पुढे पेनीला विषारी साप चावतो. तो तिथल्या तिथे एक हरिणी मारून तिचं काळीज जखमेवर धरतो, विष ओढून घ्यायला. त्या काळचा उपाय होता तो, आज कुणी करू नका, सरळ दवाखाना गाठा. पेनी वाचतो. हरिणीचं पाडस मागे उरतं आणि जोडी ते घरी आणायचा हट्ट धरतो. ओराला ते नको असतं. ती निर्दय म्हणून नव्हे, खाणारं तोंड वाढतं म्हणून. तरी पाडस येतं. त्याचं नाव पडतं फ्लॅग, म्हणजे झेंडा. पांढरी शेपटी झेंड्यासारखी नाचते म्हणून.

मग मोठं वादळ येतं, कित्येक दिवस पाऊस थांबत नाही. उभं पीक सडतं. पाठोपाठ रोग येऊन रानातली हरणं पटापट मरतात, म्हणजे शिकारही गेली. लांडगे गोठ्यापर्यंत येतात. पुढच्या वसंतात सगळा भरवसा नव्या मक्यावर आणि विकायच्या तंबाखूवर. पेनी ओढकाम करताना आतून दुखावतो आणि अंथरुणाला खिळतो. इकडे फ्लॅग मोठा झालेला. तो आधी तंबाखूची रोपं तुडवतो, मग मक्याचे कोंब खातो. जोडी पुन्हा बी टोकतो, एकटा राबून कुंपण उंच करतो. हरीण तेही उडी मारून पार करतं आणि दुसऱ्यांदा पेरलेलंही खातं. ज्यांच्या शेतात रानडुकरं किंवा रोही शिरतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुबार पेरणी म्हणजे काय, तेही नको.

बाप मुलाला सांगतो, रानात ने आणि गोळी घाल. मुलाच्यानं होत नाही. मग बंदूक आई उचलते. तिला नेम येत नाही, हरीण नुसतं जखमी होतं आणि शेवटची गोळी जोडीलाच घालावी लागते. तो आईबापाला नको ते बोलतो आणि पळून जातो.

वाचणाऱ्यांचा राग इथे आईवर निघतो. बाप समजूतदार, आई कठोर. पण निर्णय बापाचा होता. तो अंथरुणात, मुलगा कचरला, मग उरलं कोण? घरातलं नको असलेलं काम शेवटी फिरून जिच्याकडे येतं, तिच्याकडेच ते आलं.

जोडी होडीतून नदीवर भटकतो, उपाशी राहतो. भूक म्हणजे काय हे त्याला पहिल्यांदाच पोटातून कळतं. काही दिवसांनी तो घरी परततो. पुस्तकात बापलेकाचं इथलं बोलणं फार गाजलेलं आहे आणि ते आहेच तसं. पण त्याआधी जोडी विचारतो, आई कुठे? आई घरात नसते. ती शेजारच्या फॉरेस्टरांकडे गेलेली असते. ज्यांच्याशी बिनसलेलं, ज्यांच्यापुढे हात पसरायला तिचा जीव तयार नव्हता, त्यांच्याकडे. बरोबर तिनं आपल्या कोंबड्या नेलेल्या असतात. त्या देऊन मक्याचं बी आणायला.