पगार की वेतन? करिअरच्या शब्दांमागचा इतिहास

एखाद्या महाविद्यालयाची सहायक प्राध्यापक पदाची जाहिरात समोर घ्या. तिच्यात साधारण हे शब्द दिसतील : पद, पात्रता, वेतनश्रेणी, उमेदवार, अर्ज, शुल्क, मुलाखत, नियुक्ती, रुजू. आपण ती वाचतो ती वयाची अट आणि शेवटची तारीख बघायला. पण एकदा फक्त शब्दांकडे बघा. या नऊ शब्दांत किमान चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा रत्नागिरीत घडलेला आहे.

मी मूळ विज्ञान शाखेची, त्यामुळे भाषेचा इतिहास हा काही माझा विषय नाही. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांना पुरावा कसा तपासायचा हे सांगायला याच्याइतकं सोपं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. शिवाय हे शब्द तुम्हाला रोज लागणारच आहेत.

आधी सगळ्यात जुने थर पाहू. ‘नोकर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत तो मंगोल भाषेतून गेला. तिथे त्याचा अर्थ होता साथीदार, सरदाराचा सोबती. म्हणजे शब्द प्रवासात खाली घसरला! ‘उमेदवार’ म्हणजे उमेद बाळगणारा. पूर्वी कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी काम करणाऱ्याला उमेदवार म्हणत. आजच्या इंटर्नशिपला हा जुना शब्द किती चपखल बसतो, नाही का? ‘मुलाखत’ म्हणजे अरबीत नुसती भेट. ‘रुजू’ म्हणजे परत येणं. ‘राजीनामा’ म्हणजे संमतीचा कागद, आपण मात्र तो नोकरी सोडताना देतो. आणि ‘पगार’? तो पोर्तुगीज. ‘पैसे देणे’ अशा अर्थाच्या त्यांच्या क्रियापदावरून आलेला. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले, त्यानंतर किनाऱ्यावरच्या व्यवहारातून असे शब्द मराठीत शिरले. ‘मेस्त्री’ही त्यांच्याकडूनच आला.

आता, हे शब्द बदलावेत असं कोणाला वाटलं का? वाटलं, आणि फार आधी वाटलं. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करून घेतला. राज्यकारभारातल्या सुमारे १,४०० शब्दांना, त्यातही मुख्यतः फारसी-अरबी शब्दांना, त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. अष्टप्रधानांची पदनामंही बदलली : मुजुमदार झाले अमात्य, सुरनीस झाले सचिव, वाकनीस झाले मंत्री, डबीर झाले सुमंत.

पुढे काय झालं ते नीट पाहा, कारण इथे निष्कर्ष काढण्याची घाई होते. पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला, पण अठराव्या शतकात सगळे ‘पेशवे’च म्हणत राहिले. मुजुमदार आणि डबीर पद म्हणून गेले, पण आडनावं म्हणून उरले. उलट ‘सचिव’ आणि ‘मंत्री’ आज मंत्रालयात आहेत. म्हणजे एकाच कोशातले, एकाच राजाने पुरस्कारलेले शब्द, पण प्रत्येकाचं नशीब वेगळं. ‘राजाने सांगितलं म्हणून शब्द टिकला’ हे स्पष्टीकरण पुरत नाही.

मग इंग्रजी राज्य आलं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि नोकरीचा रस्ता परीक्षेतून जाऊ लागला. हा रस्ता किती लांबचा होता याचं उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचा एक मुलगा १८७५ मध्ये सरकारी नोकरीचं दार उघडणारी परीक्षा द्यायला साताऱ्यापर्यंत पायी गेला. अंतर शंभर मैलांहून जास्त. तिथे त्याच्याकडे बघून वय कमी दिसतं म्हणून त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. याच कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. तेव्हा ‘युनिव्हर्सिटी’ला ‘विद्यापीठ’ हा शब्द १९१६ मध्ये वापरात होता, ही तारीख लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

या काळात मास्तर, हेडमास्तर, प्रिन्सिपॉल, प्रोफेसर, फी, रिटायर, पेन्शन असे शब्द आले. त्या पदांबरोबर आणि पद्धतींबरोबरच आले, त्यामुळे ते कोणाला खटकलेही नाहीत.

आता रत्नागिरी. जानेवारी १९२४ मध्ये विनायक दामोदर सावरकरांची येरवड्याहून सशर्त सुटका झाली. अट अशी की रत्नागिरी जिल्ह्यातच राहायचं आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. ही बंधनं वाढत वाढत १९३७ पर्यंत चालली. राजकारण बंद, म्हणून ते सामाजिक कामाकडे आणि भाषेकडे वळले. भाषाशुद्धीवरची त्यांची लेखमाला याच काळातली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ज्या वस्तूच आपल्याकडे नव्हत्या त्यांची नावं परकी राहिली तरी चालतील, कोट, बूट, टेनिस खुशाल म्हणा. पण आपला शब्द असताना किंवा सहज घडवता येत असताना परका वापरू नका. या भूमिकेमागे त्यांचं हिंदुत्वाचं राजकारण होतं, हे लपवण्यासारखं नाही आणि त्यांनी लपवलंही नाही. दुसऱ्या बाजूचा आक्षेपही वजनदार होता : ‘हजर’ आणि ‘अर्ज’ शेकडो वर्षं शेतकऱ्याच्या तोंडी आहेत, मग ते परके कसे?

आता खरा मुद्दा. सावरकरांनी दिलेल्या शब्दांची एक यादी तुम्ही नक्की पाहिली असेल. दिनांक, क्रमांक, महापौर, चित्रपट यांच्याबरोबर तिच्यात आपल्या कामाचे शब्दही असतात : मुख्याध्यापक, प्राचार्य, प्राध्यापक, परीक्षक, पर्यवेक्षक, शुल्क, वेतन, सेवानिवृत्त. यादी वर्षानुवर्षं फिरते आहे, भाषणांत येते, निबंधांत येते. संशोधक म्हणून तिच्याकडे कसं बघायचं?

ती खरी की खोटी, असा एकच प्रश्न विचारू नका. तीन वेगळे प्रश्न विचारा. शब्द घडवला कोणी? जुन्या शब्दाला हा नवा अर्थ दिला कोणी? आणि तो लोकांपर्यंत नेला कोणी?

‘वेतन’ घ्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आहे, म्हणजे तो विसाव्या शतकात घडवलेला नाही. ‘शुल्क’ही तिथे आहे, पण जकातीच्या अर्थाने. ‘उत्पादन शुल्क’ म्हणताना आपण तोच जुना अर्थ वापरतो. फीसाठी शुल्क हा नवा वापर. ‘परीक्षक’ही संस्कृतात जुनाच, रत्नं पारखणारा तो रत्नपरीक्षक. म्हणजे यातला बराचसा भाग निर्मितीचा नाही, तो निवडीचा आणि प्रसाराचा आहे. याने सावरकरांचं काम लहान होत नाही, फक्त त्याचं वर्णन अचूक होतं. ‘शोधलं’, ‘सुचवलं’ आणि ‘रुळवलं’ ही तीन वेगळी क्रियापदं आहेत. तुमच्या शोधनिबंधातही त्यांची अदलाबदल करू नका, परीक्षक पकडतात!

उरलेले शब्द तपासायची साधनं घरबसल्या मिळतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ मधला, म्हणजे नेमका रत्नागिरीच्या काळातला. दोन्ही संगणकावर पाहता येतात. यादीतला एक शब्द घ्या आणि दोन्हीकडे शोधा. १८५७ मध्ये त्याच अर्थाने सापडला, तर ‘सावरकरांनी घडवला’ हा दावा संपला. सापडला नाही, तर मात्र दावा सिद्ध झाला असं नाही. कोशात नाही म्हणजे भाषेत नाही, असं नसतं. प्रयोगशाळेतही हेच असतं ना? उपकरणाने दाखवलं नाही म्हणजे पदार्थ नाहीच असं आपण लिहीत नाही, उपकरणाची मर्यादा लिहितो.

अपयशी शब्दही नोंदवा, नाहीतर निष्कर्ष एकतर्फी होतो. कायद्याला ‘निर्बंध’, फाउंटन पेनला ‘झरणी’, रिपोर्टला ‘प्रतिवृत्त’ हे पर्याय मागे पडले. कायदा कायदाच राहिला, ‘निर्बंध’ आपल्याला कोरोनाच्या काळात वेगळ्याच अर्थाने भेटला, आणि विद्यापीठ दरवर्षी छापतं तो ‘अहवाल’, जो मूळचा अरबी.

या वादातला माझा आवडता माणूस म्हणजे माधव जूलियन, अर्थात प्रा. माधव त्र्यंबक पटवर्धन. ते फारसीचे प्राध्यापक. कवितेत फारसी शब्दांची त्यांना विशेष हौस. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. भाषाशुद्धीला सुरुवातीला त्यांचा विरोध होता. पुढे त्यांचं मत बदललं आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक त्यांनीच लिहिलं. ते १९३६ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, सावरकर १९३८ च्या मुंबई संमेलनाचे. पटवर्धनांचं नवं मत तुम्हाला पटो न पटो, पण ज्या शब्दांना मराठीतून काढायचं त्यांचा आधी कोश करून ठेवणारा अभ्यासक मला विश्वासार्ह वाटतो. विरोधी बाजूचा पुरावा त्याच्या हातात होता.

शेवटचा टप्पा सरकारी आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय सुरू झालं, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ निघाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला. आता शब्द नियुक्तिपत्रावर, वेतनपत्रकावर, पदवी प्रमाणपत्रावर छापले जाऊ लागले. माझा तर्क असा की कागदावरची ही रोजची हजेरीच बऱ्याच शब्दांना तगवून गेली. आणि तोंडी वापर? तो वेगळाच राहिला. वेतन आयोग असतो, पण पगार होतो. प्राचार्यांना अर्ज लिहायचा आणि हाक मारायची ‘सर’. आम्ही प्रबंध सादर करतो, पण एकमेकांना विचारतो, ‘थिसिस कुठपर्यंत आला?’

यात जिंकलं कोण, हरलं कोण, असं नाही. मराठीने दोन संच ठेवले : एक कागदाचा, एक बोलण्याचा. मुलाखतीला जाताना दोन्ही यायला हवेत. आणि सीमेपलीकडचा तिसराही. यूजीसी नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, ‘प्रबंध’ म्हणजे व्यवस्था. मराठीच्या भरवशावर हिंदी प्रश्न वाचलात तर गुण जातील.

‘संशोधन’ हा शब्दही तपासून बघा. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, म्हणजे तो तेव्हा होताच. त्याचा धातू ‘शुध्’, शुद्धीचाही तोच. एकाच धातूतून दोन कामं निघाली : एक भाषेतून परकं काढून टाकायचं, दुसरं माहितीतून चुकीचं काढून टाकायचं. पहिल्याबद्दल तुमचं मत काहीही असू शकतं. दुसऱ्याबद्दल मात्र आपल्याला पर्याय नाही. तेव्हा या आठवड्यात यादीतला एक शब्द उचला, दोन कोश उघडा, आणि तीन प्रश्नांची उत्तरं अर्ध्या पानात लिहा. संदर्भ तपासून लिहिलेलं ते तुमचं पहिलं अर्धं पान असेल.