काचेची कोठडी

१९५६ सालच्या ५ डिसेंबरच्या रात्री न्यूयॉर्कमधील एका दूरचित्रवाणी-रंगमंचावर दोन माणसे दोन काचेच्या कोठड्यांत उभी होती. कानांवर हेडफोन, समोर मायक्रोफोन, कपाळावर घाम. एका कोठडीतले बोलणे दुसरीत जाऊ नये, प्रेक्षकांपैकी कोणी पुटपुटलेले उत्तर आत पोचू नये, म्हणून हा सारा बंदोबस्त होता. प्रश्न आला : १९५५ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ऑस्कर कोणाला मिळाले? उत्तर होते 'मार्टी'. डावाच्या आरंभापासून गाजत आलेल्या हर्बर्ट स्टेंपेलने तो चित्रपट तीन वेळा पाहिला होता. तो चाचरला, कण्हला, आणि 'ऑन द वॉटरफ्रंट' असे चुकीचे उत्तर देऊन हरला. हरायचे हे त्याला आधीच सांगून ठेवलेले होते.

ही हकिगत अनेकांना १९९४ सालच्या 'क्विझ शो' या चित्रपटामुळे ठाऊक असेल. त्या चित्रपटाला स्टेंपेल हवा होता, त्याचा देखणा प्रतिस्पर्धी चार्ल्स व्हॅन डोरेन हवा होता. मला मात्र ती कोठडीच अधिक बोलकी वाटते.

तिचा जन्म मुळात पैशातून झाला. अमेरिकन रेडिओवर पूर्वी एक प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम होत असे. त्यात सर्वांत मोठे बक्षीस ६४ डॉलरांचे. १९५५ च्या जूनमध्ये सी. बी. एस. ने तोच खेळ दूरचित्रवाणीवर आणला आणि बक्षीस हजारपट केले : ६४,००० डॉलर. आता चौसष्ट रुपड्यांसाठी कोणी लबाडी करील असे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनातही येत नाही. पण चौसष्ट हजार म्हटले की संशय आलाच. त्या संशयावर तोडगा म्हणून प्रश्न बँकेच्या तिजोरीत ठेवले गेले, ते घेऊन बँकेचा अधिकारी पहारेकऱ्यांसह रंगमंचावर येऊ लागला, आणि मोठ्या रकमेच्या प्रश्नाला स्पर्धकाला काचेच्या कोठडीत कोंडण्यात येऊ लागले. हे सारे लोकांच्या डोळ्यांदेखत चाले. प्रायोजक होती ओठांची लाली विकणारी रेव्हलॉन कंपनी, तेव्हा दर्शनी रंगाचे महत्त्व तिला कोणी शिकवावे लागले नसेल.

आवाज अडवणे ही तशी कष्टाची विद्या आहे. भिंत जड हवी. एका भिंतीऐवजी मध्ये पोकळी ठेवून दोन असतील तर अधिक बरे. काच दुहेरी हवी, दाराच्या कडेला रबर हवे. जिथून वारा शिरतो तिथून आवाजही शिरतो, म्हणून फट म्हणून ठेवता येत नाही. मग आतल्या माणसाने श्वास कसा घ्यावा? मुंबईच्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात गायक-गायिका ज्या काचेच्या खोलीत उभ्या राहत, तिथेही हीच अडचण. पंख्याची घरघर गाण्यात उतरू नये म्हणून तो बंद, आणि घामाने निथळत गाणे पुरे करायचे. तो घाम गाण्यासाठी गाळलेला असे. न्यूयॉर्कच्या कोठडीतली थंड हवा मात्र मुद्दाम बंद केली जाई. कारण घाम हाच तिथला माल होता.

एन. बी. सी. वरच्या या खेळाचे नाव 'ट्वेंटी-वन'. १ ते ११ गुणांचे प्रश्न, जितके गुण अधिक तितका प्रश्न अवघड; जो आधी २१ गुण मिळवील तो जिंकला. दुसऱ्याचे गुण किती झाले हे कळू नये म्हणून दोघांना दोन कोठड्या. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये पहिला डाव सचोटीने खेळला गेला, आणि तो इतका नीरस झाला, स्पर्धक इतके अडखळले, की जेरिटॉल नावाचे टॉनिक विकणारा प्रायोजक खवळला. तेव्हापासून निर्माता डॅन एनराइट याने सचोटीला रजा दिली.

स्टेंपेल हा क्वीन्स भागातला, सैन्यातून परतून कॉलेजात शिकणारा तरुण. त्याला उत्तरे तर दिलीच, वर सोंगही दिले. केस बारीक कापायचे, अंगाला न बसणारा सूट घालायचा, हातात टिकटिकणारे स्वस्त घड्याळ. घाम पुसायचा नाही, नुसता रुमालाने टिपायचा. इतर स्पर्धक सूत्रधाराला नुसते 'जॅक' म्हणत; याने 'मिस्टर बॅरी' म्हणायचे. गरीब बिचारा दिसावा म्हणून अदबसुद्धा ठरवून दिलेली!

आणि व्हॅन डोरेन? तो कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा. बाप मार्क व्हॅन डोरेन, पुलित्झर मिळवलेला कवी. चुलता कार्ल, त्यालाही चरित्रलेखनाचे पुलित्झर. मुलाचा पगार वर्षाला सुमारे ४,४०० डॉलर. सहनिर्माता अल्बर्ट फ्रीडमनने त्याला सांगितले की, स्टेंपेल लोकांना आवडत नाही, त्याला सचोटीने हरवणे तुम्हांला जमणार नाही, आणि तुम्ही जिंकलात तर शिक्षकांची आणि विद्येची मोठी सेवा होईल. मला या शेवटच्या वाक्याचा राग येतो. गुरुजींना मोहात पाडायचे तर द्रव्यापेक्षा विद्येचेच नाव घ्यावे लागते, हे त्या गृहस्थाने नेमके ओळखले होते. मग व्हॅन डोरेनला तालीम मिळाली : कुठे थांबायचे, प्रश्नाचा कुठला भाग सोडून पुढे जायचे आणि मागाहून त्याच्याकडे वळायचे. १९५७ च्या मार्चमध्ये तो हरला, तोवर त्याने १,२९,००० डॉलर मिळवले होते आणि 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र आले होते.

परीक्षेच्या वेळी आम्ही शिक्षकही असाच बंदोबस्त करतो. बाकांतले अंतर मोजतो, खिडक्या लावून घेतो, पुटपुटणाऱ्या पोरावर डोळे वटारतो. ज्याला आदल्या संध्याकाळीच प्रश्नपत्रिका मिळाली आहे, तो मुलगा मात्र सगळ्यांत ताठ आणि शांत बसलेला असतो. त्याला शेजाऱ्याच्या वहीत डोकवायची गरज काय? कोठडी बाहेरून येणारा आवाज अडवते. डोक्यात घालून नेलेले उत्तर ती अडवत नाही. उलट ते तिथे निर्धास्त राहते. १९५७ साली स्टेंपेलने एका वृत्तपत्राला सगळे सांगितले, तेव्हा पुराव्याअभावी ते छापले गेले नाही. हरलेला माणूस जळतो आहे, असेच कोणीही म्हटले असते.

पुरावा निघाला तो काचेतून नव्हे, कागदातून. जेम्स स्नॉडग्रास नावाच्या एका चित्रकार-स्पर्धकाने १९५७ च्या मे महिन्यात, कार्यक्रमापूर्वीच, मिळालेले प्रश्न आणि उत्तरे लिहून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली होती. ती पाकिटे त्याने फोडली नाहीत. १९५९ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे पाकीट उघडले गेले, टपालखात्याच्या तारखेसकट. कुठल्याही आवाजबंद खोलीपेक्षा ते पाकीट अधिक पक्के निघाले.

२ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेनने समितीपुढे कबुली दिली. काही सभासदांनी त्याच्या सत्यकथनाची वाहवा केली. स्टीव्हन डेरूनियन या एका सभासदाने मात्र बजावले की तुमच्यासारख्या बुद्धिमान माणसाने खरे सांगितले म्हणून त्याचे अभिनंदन करावे असे मला वाटत नाही. मला हा सभासद आवडतो. विद्यापीठातली जागा गेली, एन. बी. सी. ची नोकरी गेली. आधी ग्रँड ज्यूरीपुढे शपथेवर खोटे बोलल्याचा गुन्हा त्याने १९६२ साली कबूल केला. शिक्षा झाली, पण ती स्थगित. अशा बनावट स्पर्धा बेकायदा ठरवणारा कायदा १९६० मध्येच झाला होता. तोवर असे खेळ ठरवून खेळवणे हा अमेरिकेत गुन्हाच नव्हता.

व्हॅन डोरेनने पुढे अनेक वर्षे 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'त संपादनाचे काम केले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. २००८ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात त्याने प्रथमच सगळे लिहिले. २०१९ च्या एप्रिलमध्ये तो वारला. स्टेंपेल त्याच्यामागून एका वर्षाने, २०२० च्या एप्रिलमध्ये. उतारवयात व्हॅन डोरेन कनेक्टिकट विद्यापीठाच्या टॉरिंग्टन येथील छोट्या शाखेत पुन्हा इंग्रजी शिकवीत असे.