राजमुकुट ते नटसम्राट : नाशिकच्या रूपांतरित नाटकांचा इतिहास

अभिजात परकीय नाटकाला मराठी वेष चढवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले, तर गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘झुंझारराव’ने ऑथेल्लोला झुंझारराव आणि डेस्डिमोनाला कमळजा केले. मूळ कथानक कायम ठेवून नावे, चालीरीती आणि स्थळे देशी करणे, म्हणजे रूपांतर, हीच त्या काळातील मुख्य रीत होती. विसाव्या शतकात या रीतीचे स्वतंत्र निर्मितीत जे परिवर्तन झाले, त्याचा आलेख नाशिकमध्ये राहून लिहिणाऱ्या वि. वा. शिरवाडकरांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, नाट्यलेखनात सलगपणे पाहता येतो.

‘दूरचे दिवे’ (१९४६) या त्यांच्या नाटकाला ऑस्कर वाइल्डच्या ‘ॲन आयडियल हजबंड’चा आधार होता, ‘वैजयंती’ मॅटरलिंकच्या ‘मोना व्हाना’वर बेतलेले होते आणि १९५४ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘राजमुकुट’ हे ‘मॅकबेथ’चे मराठी रूप होते. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, त्यांनी ‘कौंतेय’साठी महाभारतातील कर्णाची कथा निवडली. एकाच लेखणीने पाश्चात्त्य आणि भारतीय, अशी दोन्ही अभिजात भांडारे हाताळली.

‘किंग लिअर’चे मराठीकरण करावे, ही नटवर्य नानासाहेब फाटक यांची सूचना होती, परंतु शिरवाडकरांच्या हातून अखेर जे उतरले ते लिअरचे रूपांतर नव्हते. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने सादर केलेल्या ‘नटसम्राट’मध्ये राजाच्या जागी निवृत्त नट गणपतराव बेलवलकर आला आणि राज्याच्या वाटणीऐवजी आयुष्यभराची कमाई मुलगा व मुलगी यांच्या हाती सोपवली गेली. शेक्सपिअरच्या नाटकात लिअरची राणी रंगमंचावर येतच नाही; येथे मात्र कावेरी ही पत्नी नाटकाच्या केंद्राजवळ आहे, आणि जिच्यामुळे लिअरला अखेर आपली चूक उमगते त्या कॉर्डेलियासारखी धाकटी मुलगी येथे नाही. त्यामुळे दुःखाचे मूळ मुलांच्या पारखीतल्या चुकीपेक्षा मध्यमवर्गीय घरात वृद्धांना उरणाऱ्या अपुऱ्या जागेत सापडते. बेलवलकराच्या अखेरच्या भ्रमात ऑथेल्लो आणि हॅम्लेट यांच्यासोबत गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकरही येतो, म्हणजे परकीय नायक आता मराठी रंगभूमीच्या स्मृतीचाच भाग झालेले असतात.

नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या वसंत कानेटकरांनी १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’त सत्यवती आणि देवव्रत यांच्या कथेकडे अशाच मोकळिकीने पाहिले. आख्यान सर्वांना ठाऊक असल्याने कुतूहल ‘पुढे काय होणार’ यापेक्षा ‘माणसे असे का वागली’ याकडे वळवता येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होता.

शिरवाडकरांना ‘नटसम्राट’साठी १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो स्वतंत्र मराठी कृती म्हणून. २०१६ मध्ये त्याच नाटकावरून महेश मांजरेकरांनी चित्रपट काढला, तेव्हा आधार लिअरचा नव्हे, तर बेलवलकराचा होता. मुळाचा मान आता मराठी नाटकाकडे आला होता.