रश्शातील तिखटाचा इतिहास

सोलापूरकडे मटणाचा रस्सा काळ्या तिखटावाचून होत नाही, आणि हा स्वाद पुरातन मानला जातो. पुरावा निराळे सांगतो. या प्रदेशावर सत्ता गाजविणाऱ्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त (सु. ११२९) मांसाचे अनेक प्रकार वर्णिले आहेत, त्यांत मिरे आहेत, मिरची नाही. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये आजच्या घानातील एल्मिना येथे किल्ला बांधला, १५१० मध्ये गोवे घेतले. सोळाव्या शतकात मुख्यतः त्यांच्याच जहाजांतून ती दोन्ही किनाऱ्यांवर उतरली. घानातील घरगुती मटणाच्या सूपमध्येही मिरचीबरोबर वाटलेले शेंगदाणे पडतात, तेही अमेरिकेचेच. आपल्याकडे मिरचीने मिऱ्याचे स्थान घेतले आणि नावही त्यावरूनच घेतले. तेव्हा यादवकालीन भोजनात लाल रस्सा कल्पिणे हा कालविपर्यासच होय.