सागरतळाशी इतिहास शोधणारे डॉ. एस. आर. राव

भारतातील सागरी पुरातत्त्वशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे शिकारीपुर रंगनाथ राव (१९२२–२०१३) हे मूळचे जमिनीवर उत्खनन करणारे संशोधक. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात असताना त्यांनी १९५४ मध्ये गुजरातमधील लोथल हे हडप्पाकालीन स्थळ शोधून काढले. तेथील दोनशे मीटरहून अधिक लांबीचे, भाजक्या विटांनी बांधलेले कुंड म्हणजे जहाजांची गोदी होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. तो साधा पाणसाठा असावा, असे काही अभ्यासकांनी म्हटले. वाद आजही पुरता मिटलेला नाही.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. इतरांनी निवृत्तीचे दिवस मोजावेत त्या वयात, साठीच्या उंबरठ्यावर, रावांनी समुद्राकडे मोर्चा वळवला. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्व केंद्र सुरू झाले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. या कामासाठी लागणारे पाणबुडे-पुरातत्त्वज्ञ देशात जवळपास नव्हतेच; ते घडवावे लागले.

१९८३ ते १९९० या काळात द्वारका आणि बेट द्वारकेच्या समुद्रात मोहिमा झाल्या. घडीव दगड, अर्धवर्तुळाकार बांधकामे आणि भोके पाडलेले दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले. बेट द्वारकेला तीन मुखांच्या प्राण्याची आकृती कोरलेली शंखाची मुद्राही मिळाली. महाभारतातील बुडालेली द्वारका ती हीच, असा निष्कर्ष रावांनी मांडला आणि तो देशभर गाजला.

अडचण आहे ती कालनिश्चितीची. जमिनीवर थरावर थर चढत जातात. येथे मात्र लाटा आणि प्रवाह सारे ढवळून टाकतात. शिवाय दगड केव्हा घडवला, हे कार्बन पद्धतीने ठरवता येत नाही. पुढे याच संस्थेतील संशोधकांनी बरेचसे नांगर व बांधकामे ऐतिहासिक काळातील बंदराची असावीत, असे मत नोंदवले. रावांच्या निष्कर्षावर श्रद्धेची छाया पडली होती, हा आक्षेप म्हणूनच सहज झटकता येत नाही. पण प्रश्न विचारण्याजोगे पुरावे वर आणले तेही त्यांनीच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या पाणबुड्यांनी द्वारकेच्या समुद्रात पुन्हा बुड्या मारल्या.