पुरणाची चाळणी आणि दोन ग्रहणं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी रिलीज होता, त्यामुळे शनिवार-रविवारही ऑफिसच्याच नावाने गेले. असो.

मे महिन्यात सोसायटीच्या गच्चीवर आम्ही 'शून्य सावली'चा कार्यक्रम केला. कार्यक्रम म्हणजे काय, तर अकरा पोरं, दोन आजोबा, एक स्टीलचा उभा डबा आणि भरपूर ऊन. कोपर साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकताना १६ मेच्या आसपास बरोबर आपल्या डोक्यावर येतो. परतीच्या वाटेवर जुलैच्या २६-२७ तारखेला पुन्हा येतो, पण तेव्हा पाऊस असतो, त्यामुळे तो दिवस बहुधा वाया. डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावर. उभ्या डब्याची सावली डब्याच्या बुडाखाली गडप होते.

पोरांना वाटत होतं हे बाराच्या ठोक्याला होणार. पण घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशाच्या, म्हणजे तिकडे मिर्झापूरजवळच्या वेळेवर. आपण तिथून जवळजवळ साडेनऊ अंश पश्चिमेला. अंशाला ४ मिनिटं धरा, झाली ३८. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या पावणेचार मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. उत्तर १२ वाजून ३४ मिनिटं. आणि खरंच, १२:३४ ला सावली गेली! दोनेक मिनिटं गच्चीवर नुसता आरडाओरडा. खाली दिवा-वसई मार्गावरून मालगाडी चालली होती, तिचाही आवाज ऐकू आला नाही.

आजोबांपैकी एक म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं रे." नव्हतं? तेव्हापासून मी घरातल्यांना आणि ओळखीच्यांना विचारत सुटलोय. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात करावी लागते १६ फेब्रुवारी १९८० पासून. शनिवार होता. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कर्नाटकच्या किनाऱ्यावर अंकोल्याजवळ जमिनीवर आला आणि पार ओडिशात कोणार्कपर्यंत गेला. आपल्याकडे खंडग्रास, पण चांगलंच मोठं. बाबा तेव्हा दहा वर्षांचे, राहायला डोंबिवली पश्चिमेला पत्र्याच्या चाळीत. ते सांगतात, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दूरदर्शनने लोकांनी घरात बसावं म्हणून सिनेमा लावला होता. डोळ्यांची भीती खरी होती, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नये हे कुठल्याही दिवशी खरंच आहे. पण त्या भीतीच्या आडोशाने वेध, तुळशीपत्र, ग्रहण सुटल्यावरची अंघोळ, सगळं एकत्र घरात शिरलं आणि खिडक्या बंद झाल्या. आजीला तेव्हा सातवा महिना होता, आत्याच्या वेळचा. तिला आतल्या खोलीत बसवून दार लावून घेतलं. हलायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. आजीच्या तोंडून मी हे लहानपणापासून ऐकत आलोय. पूर्ण गोष्ट मात्र कळायला २०१९ उजाडलं, ती पुढे सांगतो.

आकाश बघायला लोक बाहेर पडले ते हॅलेच्या धूमकेतूमुळे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून होती. वरळीला नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झालं, पण तारांगण म्हणजे तिकीट काढून बघायचं आकाश. ९ फेब्रुवारी १९८६ ला हॅले सूर्याच्या सर्वात जवळ येणार होता. त्याच्या चर्चेत १९८५ साली मुंबईत सायनला खगोल मंडळ उभं राहिलं. कल्याणात आकाशमित्र मंडळ, ठाण्यात दा. कृ. सोमनांची व्याख्यानं, अशी मंडळी आपल्या लाईनवर तयार होत गेली. खुद्द हॅलेने मात्र तशी निराशाच केली. आपल्या अक्षांशावरून तो क्षितिजाजवळ, पुसट. पण मंडळं राहिली.

आणि या मंडळांना मध्य रेल्वेने एक गाव दिलं : वांगणी. बदलापूरच्या पुढचं स्टेशन. मधल्या डोंगरांमुळे मुंबईचा उजेड अडायचा. शनिवारी संध्याकाळी कर्जत लोकल पकडायची, सतरंजी आणि दुर्बीण घेऊन रात्रभर माळावर बसायचं, रविवारी पहिल्या गाड्यांनी घरी. खगोल मंडळाच्या या रात्री कित्येक वर्षं चालल्या. जगात वेधशाळा डोंगरमाथ्यावर असतात. आमची वेधशाळा रिटर्न तिकिटावर होती.

१९९५ हे साल मला सगळ्यात मजेशीर वाटतं. २१ सप्टेंबरला देशभर गणपती दूध प्यायला. चमचा सोंडेला टेकवला की दूध ओढलं जायचं. पृष्ठताण आणि केशाकर्षण. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते दगडावरून खाली कसं ओघळतं ते दाखवलं. लोक त्याला चमत्कार म्हणाले, मी म्हणतो एका दिवसात लाखो लोकांनी स्वतःच्या हाताने पृष्ठताणाचा प्रयोग केला, निष्कर्ष तेवढा चुकला! त्यानंतर बरोबर ३३ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण. राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत खग्रास. या वेळी दूरदर्शनने सिनेमा नाही, ग्रहणच लाईव्ह दाखवलं. पंधरा वर्षांत एवढा फरक. बाबांनी चाळीच्या अंगणात वेल्डिंगची काच नेली होती, पण आजी काही बाहेर आली नाही.

नोव्हेंबर १९९८ मध्ये मी चार महिन्यांचा होतो आणि बाबा मला आईकडे टाकून वांगणीला गेले (आई हे अजून ऐकवते). सिंह राशीतला उल्कावर्षाव, ३३ वर्षांतून एकदा जोर धरणारा. अंदाज होता १७ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचा, म्हणजे आशियासाठी अगदी सोयीचा. गर्दी तुफान. पण तेजस्वी उल्का आदल्याच रात्री, अंदाजाच्या सुमारे १६ तास आधी, पडून गेल्या होत्या. बाबांना रात्रभरात मोजून बावीस दिसल्या. सर्दी मात्र आठवडाभर. 'चुकलेला अंदाज' म्हणून मी हसलो की ते म्हणतात, "अरे, चुकलं हे कळायलाही कुणीतरी रात्रभर जागून मोजावं लागतं." धूमकेतूने पूर्वीच्या फेऱ्यांत मागे टाकलेल्या धुळीचे वेगवेगळे पट्टे असतात. ते नीट हिशोबात धरल्यावर पुढच्या वर्षांचे अंदाज बरेच जमले. आमच्या भाषेत, बग सापडला.

आता माझी पाळी. १५ जानेवारी २०१० ला मी सहावीत. धनुष्कोडीला कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास, दुपारची वेळ. शाळेने (नाव राहू दे) आम्हाला वर्गाबाहेर सोडलं नाही, पडदे ओढून घेतले आणि भूगोलाच्या तासाला फळ्यावर ग्रहणाची आकृती काढून दिली! बाहेर चालू आहे त्याची आकृती आत. मला त्याचा राग अजून आहे.

तो राग २६ डिसेंबर २०१९ ला निघाला. बी.ई.चं शेवटचं वर्ष, सुट्टी होती. सकाळी आठच्या सुमाराला ग्रहण सुरू झालं, सव्वानऊनंतर सूर्याची कोर उरली. माझ्याकडे ग्रहणाचा चष्मा एकच, आणि जिन्यात पोरं वीस. छिद्रातून येणारा प्रकाश सूर्याची प्रतिमा पाडतो हे माहीत होतं, म्हणून स्वयंपाकघरातून पुरणाची चाळणी उचलली. आजी ओरडली, "अरे ग्रहणात भांडी कसली बाहेर नेतोस!" तोवर मी गॅलरीत. चाळणी धरली, आणि खाली फरशीवर शंभर-दोनशे चिमुकल्या चंद्रकोरी. पोरं कोरी पकडायला जमिनीवर लोळली. बदामाच्या झाडाखालीसुद्धा तशाच कोरी होत्या, पानांच्या फटींतून पडलेल्या.

आजी दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आतच थांबून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अस्संच पडलं होतं तेव्हा."

१९८० ची ती बंद खोली. पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, तिथून रोज दुपारी जमिनीवर रुपयाएवढा उजेडाचा ठिपका पडायचा. त्या दुपारी बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांदेखत तो ठिपका एका बाजूने कुरतडत गेला. शेवटी उरली कोर. तिला वाटलं, ग्रहण आत शिरलं, आता पोटातल्या बाळाचं काही खरं नाही. पदराने तो ठिपका झाकायला गेली, तर कोर पदरावर आली. ती रडली आणि कुणाला काही बोलली नाही. आत्या सुखरूप झाली, तरी तिच्या प्रत्येक आजारपणात आजीला तो पदर आठवत राहिला. एकोणचाळीस वर्षं!

म्हणजे गल्लीत ग्रहण बघणारी एकटी आजीच होती. ज्या खोलीत ग्रहणापासून लपवायला तिला बसवलं, तीच खोली अंधारपेटी झाली होती, सूर्याची प्रतिमा बघायचं सगळ्यात सुरक्षित साधन. शेजारी बसून "घाबरू नको, हे भोकातून पडलेलं सूर्याचं चित्र आहे" एवढं सांगणारं कुणी असतं तर! मी तिला सांगितलं. मालगाडीच्या भाषेत, चाळणी वर-खाली करून, दोनदा. ती म्हणाली, "हो का," आणि आत जाऊन आत्याला फोन लावला.

चाळणी मात्र तिने नंतर चिंचेने घासून घेतली. गंगाजलही शिंपडलं. आपण काही बोललो नाही.

वांगणीचं आकाश आता पूर्वीचं राहिलेलं नाही, बदलापूरपासून पुढे टॉवर चढत गेलेत. कोपरच्या गच्चीवरून तर पाच-सहा तारे दिसले तरी खूप. म्हणून मी दिवसाच्या प्रयोगांवर आलोय, सूर्य कुणी लपवू शकत नाही. यंदा सावंतवाडीच्या मामेभावालाही कामाला लावलं. आमची सावली शून्य झाली त्याच दुपारी त्याने एक मीटरच्या काठीची सगळ्यात आखूड सावली मोजली : ६ सेंटिमीटर, दक्षिणेकडे. म्हणजे साधारण ३.४ अंशांचा फरक. नकाशावर सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३६६ किलोमीटर. पोरांनी गुणाकार-भागाकार केला आणि पृथ्वीचा परीघ आला ३८ हजार ४०० किलोमीटर. खरा ४० हजार. मामेभाऊ म्हणतो काठी जरा वाकडी होती.

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण. ऐन पावसाळा आहे, ढग असणारच. मी रजेचा अर्ज टाकणार आहे. आजीने चाळणी द्यायचं कबूल केलंय, पण या वेळी धरणार ती स्वतः.