दौलतगंजच्या ओट्यावरचे मास्तर

लश्करात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना "पागलखाने में डाल दूँगा" हा दम मिळालाय. मराठी घरात, पण हिंदीत!

दौलतगंजला आमच्या ओट्यावर एक मास्तर झोपायचे. मराठीच, पण कुठले ते कुणालाच ठाऊक नाही. दिवसभर हवेत बोटाने गणितं सोडवायचे. आजी रोज पोळीभाजी द्यायची. १९७९ च्या जानेवारीत घरात वाद पेटला. बाबा म्हणाले, "गारठून मरतील, पोलिसांना कळवतो." आजी म्हणाली, "त्यांनी कुणाचं काय बिघडवलंय? कोंडता कशाला?"

कायदा इंग्रजांचाच होता, १९१२ चा. भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं, डॉक्टरचा दाखला घ्यायचा, की भरतीचा हुकूम. त्याला स्वतःला काय हवंय, हे विचारायची सोयच नव्हती. बाबांनी कळवलं, मास्तरांना नेलं.

१९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रांची, आग्रा आणि आपल्या ग्वाल्हेरच्या मनोरुग्णालयावर देखरेख ठेवायचं काम मानवाधिकार आयोगाला दिलं. ती बातमी वाचून बाबा दिवसभर गप्प होते. आता २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांना शोधणं हे ठाणेदाराचं काम आहे.

बाबा चुकले असं मला आजही म्हणवत नाही, थंडी खरंच जीवघेणी होती. पण चौकशीला आमच्यापैकी कुणीच गेलं नाही. आजीसुद्धा नाही. टांग्याने जाण्यासारखं तर अंतर होतं.